मधली खुर्ची

"रांगावं लागेल," मी म्हटलं.

दिवाणखान्यात भिंतीकडेच्या गाद्यांवर लोडाला टेकून बसलेली मंडळी माझ्याकडे बघायला लागली, आणि मग आपण काही ऐकलंच नाही अशा आविर्भावानं छताकडे. फक्त दादासाहेब मिठारी माझ्याकडेच बघत राहिले. ते खुर्चीत होते. त्या दिवाणखान्यात खुर्ची एकच, ती बरोबर मधोमध, आणि तिच्यात बसायचे ते फक्त दादासाहेब.

"कुणाला रांगावं लागेल?"

"ज्याला ऐकायचंय त्याला."

"तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाची अशीच चेष्टा करता का?"

"चेष्टा नाही, दादासाहेब. सबवूफरची जागा शोधायची हीच रीत आहे. खर्जाचा हा डबा ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायचा, गाणं लावायचं, आणि ऐकणाऱ्यानं जमिनीलगत कान नेऊन भिंतीकडेनं फिरायचं. जिथं बेस भरून ऐकू येईल तिथं डबा ठेवला, की तो खुर्चीत भरून ऐकू येतो. कान जमिनीलगत न्यायचा म्हणजे रांगावंच लागतं."

यातला शब्दन् शब्द खरा होता. त्या दिवशी त्या घरात मी एकही खोटं वाक्य बोलले नाही. याचा मला आजही अभिमान वाटतो.

दादासाहेबांनी मला ओळखलं नव्हतं. ओळखायचं काही कारणही नव्हतं. त्यांच्या लेखी मी कोल्हापूरहून आलेली उज्ज्वला पोवार, घरोघरी स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर बसवून देणारी बाई. लग्नाआधी मी उज्ज्वला गुरव होते, आणि त्याच दिवाणखान्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी, आईच्या मांडीला चिकटून बसले होते. तेव्हा मी सातवीत होते.

इचलकरंजीत तेव्हा कुठंही उभं राहिलं तरी मागांची खडखड कानात शिरायची. दादासाहेबांचे स्वतःचे मागाचे कारखाने होते. त्या खडखडीतून मिळवलेलं सगळं त्यांनी गाण्यावर उधळलं, असं लोक कौतुकानं म्हणत. दर पौर्णिमेला त्यांच्या बंगल्यात बैठक व्हायची. गाणारे बाहेरगावचे, तबल्याला माझे वडील, शंभूराव गुरव. आम्ही त्यांना आबा म्हणतो. महादेवाच्या देवळातली पूजा आमच्या घराकडे होती, आणि आबांचा हात असा होता की देवळातल्या आरतीलाही माणसं त्यांच्या डग्ग्याचा खर्ज ऐकायला थांबायची.

त्या घरातली एक रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. दादासाहेबांनी मान हलवल्याशिवाय वाहवा करायची नाही. गाणाऱ्यानं कितीही जीव तोडून तान घेतली तरी मंडळी आधी मधल्या खुर्चीकडे बघायची. मान हलली की मग काय, सगळे लोडांवर उसळायचे. दादासाहेबांचा कान म्हणजे कान, त्यावर बोलायची सोय नव्हती.

त्या पौर्णिमेला धारवाडकडचे एक बुवा गात होते. विलंबित ख्याल रंगला होता. आबांच्या डग्ग्याचा घुमारा मला फरशीतून पायांना लागत होता. समोरच्या भिंतीशी डॉक्टर पाटणे बसले होते, त्यांचं बोट लोडावर ठेका धरून चाललं होतं. आणि दादासाहेबांनी हात वर केला.

"थांबा बुवा." ते आबांकडे वळले. "शंभू, तुझा डग्गा मुका आहे रे. मघापासनं बघतोय. नुसता तबला टिक्टिक् वाजतोय, खाली कायच नाही. पाहुण्यांसमोर गावाची लाज काढतोस?"

आबांनी डग्ग्यावर थाप मारली. ती सगळ्यांनी ऐकली असणार.

"बघा," दादासाहेब म्हणाले. "मुका."

"मुकाच," डॉक्टर पाटणे म्हणाले. त्यांचं बोट थांबलेलं होतं. मग सगळे तसंच म्हणायला लागले. बुवांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि घरमालकाकडे बघून मिटलं. मंडळीतल्याच एकाला तबल्यावर बसवलं गेलं. आबांनी डग्गा फडक्यात बांधला, दादासाहेबांना नमस्कार केला आणि आम्ही तिघं घरी आलो. तो नमस्कार मी दादासाहेबांना कधी माफ केला नाही.

पुढच्या पौर्णिमेला बोलावणं आलं नाही. जयसिंगपूरचं, कुरुंदवाडचं, चिकोडीचंही यायचं थांबलं. शाळेत पोरं मला मुक्या गुरवाची पोर म्हणायला लागली. आबांनी डग्ग्याची कातडी पुडी बदलली. मग मिरजेला जाऊन दुसरी घालून आणली. तिथला कारागीर म्हणाला, डग्गा ठणठणीत आहे, काही झालेलं नाही. हे ऐकून आबांना बरं वाटायला हवं होतं, पण ते घरी येऊन आईला म्हणाले, "डग्ग्याला काय झालं नसंल तर मग हातच गेला म्हणायचा." डग्गा माळ्यावर गेला आणि आबा दुसऱ्याच्या मागावर कामाला गेले. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी डाव्या मनगटाला तेल चोळत बसायची त्यांना सवय लागली. दादासाहेबांबद्दल त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द आला नाही. मी चिडले की म्हणायचे, "त्यांचा कान मोठा आहे, उजा. आपल्याला कळलं नाही ते त्यांना कळलं."

मला मात्र कधी पटलं नाही. माझ्या पायांना तो घुमारा लागला होता.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि आवाजाच्या धंद्यात शिरले, ते त्या एका शब्दापायी की काय, सांगता येत नाही. कोल्हापुरात दुकान काढलं. लग्न झालं, आई गेली, आबा माझ्याकडे राहायला आले आणि त्यांचा डग्गा आमच्या माळ्यावर चढला. आणि एका दुपारी दुकानातला फोन वाजला.

"मी मिठारी बोलतोय, इचलकरंजीहून. मुलानं मुंबईहून स्पीकर पाठवलेत, अ‍ॅम्प्लिफायर पाठवला, त्याच्याबरोबर खर्जाचा डबा. सगळं चांगलं आहे, पण डबा मुका आहे."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "काय आहे म्हणालात?"

"मुका. एक परत करून दुसरा मागवला, मोठा. तोही मुकाच. दोन मेकॅनिक येऊन गेले. नुसता आवाज वाढवतात. स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात, शेजारचे तक्रार करतात, आणि मला मात्र बेसचा पत्ता नाही. सगळे म्हणाले, तुम्हाला बोलवा."

"येते," मी म्हटलं.

मी गेले ती काहीतरी सूड उगवायचा असं ठरवून गेले नव्हते, असं म्हटलं तर शोभून दिसेल. पण एस.टी.त बसल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. फक्त कसा, ते सुचत नव्हतं.

दिवाणखाना होता तसाच होता. त्याच गाद्या, तेच लोड. मधोमध तीच शिसवी खुर्ची. तिचे पाय इतकी वर्षं एकाच जागी राहिले होते की फरशीत चार खळगे पडले होते. दादासाहेब पिकले होते, पण ताठ होते.

"दोरी धरून मध्य काढलाय मी," ते खुर्चीच्या हातावर थाप मारत म्हणाले. "बंगला बांधला तेव्हाच. दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या, पुढची-मागची भिंत सारखी. गाणं ऐकायला याच्यापरीस चांगली जागा घरात नाही."

मी मान डोलावली आणि कामाला लागले. स्पीकर लहान पण चांगले होते. अ‍ॅम्प्लिफायर जुन्या वळणाचा, त्याला सबवूफरसाठी वेगळी जागाच नव्हती. आधीच्या मेकॅनिकांनी काहीतरी जुगाड करून वायर घुसडली होती. मी ती काढली आणि स्पीकरच्याच खुंट्यांवरून डब्याला वेगळी वायर दिली, म्हणजे स्पीकरला जे जातं तेच डब्याला जातं. मग डब्याची वरची मर्यादा लावत बसले. स्पीकर जिथं दमतात तिथूनच डब्यानं उचलायचं असतं. आधी उचललं तर गाणाऱ्याचा आवाज पिंपात घातल्यासारखा होतो, उशिरा उचललं तर मधे खड्डा पडतो. शेवटी डब्याच्या मागची कळ उलटसुलट करून पाहिली. डबा आणि स्पीकर एकदमच पुढं ढकलतायत की एक ढकलतोय आणि एक ओढतोय, ते तिच्यावर असतं. आबा म्हणायचे, साथ वेगळी ऐकू आली की समजावं चुकली. माझं सगळं काम त्याच एका वाक्यावर चालतं.

भिंतीशी उभं राहून ऐकलं तर जुळवणी झकास झाली होती. कारखान्यातून फोन आला म्हणून दादासाहेब आत गेले. मी पटकन खुर्चीत बसले.

बेस गेला. सगळाच्या सगळा नाही, पण मुख्य भरणा गेला. उठून भिंतीशी गेले, तर होता. परत बसले, गेला.

"बस, बस. मी काय सांगत नाही त्यांना."

स्वयंपाकघराच्या दारात दादासाहेबांच्या पत्नी उभ्या होत्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. मी उठू लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"शंभूची पोर न्हवं तू? हनुवटी तीच हाय."

मी होय म्हटलं. अक्का कपाटाकडे गेल्या. जुन्या बैठकी दादासाहेबांनी स्पूलवर टेप करून ठेवल्या होत्या आणि मुलानं अलीकडे त्यांच्या सीडी करून दिल्या होत्या. त्यातली एक काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "ही लाव मग," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी लावली. धारवाडच्या बुवांचा आवाज आला, तोच विलंबित ख्याल, आणि तबल्याची टिक्टिक्. खाली काहीच नाही. मी खुर्चीतून उठले आणि लहानपणी बसले होते तिथं, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आबांचा डग्गा माझ्या पायांना लागला.

तिथं उभ्या उभ्याच मला सगळं कळलं. खोलीच्या पुढच्या-मागच्या भिंती खर्जाचा आवाज एकमेकींकडे परतवत असतात. काही सूर असे असतात की जाणारा आणि येणारा आवाज बरोबर मधोमध एकमेकांना खाऊन टाकतात. भिंतीशी बसलेल्याला सूर भरून ऐकू येतो, आणि मधे बसलेल्याला काहीच नाही. अशा जागा प्रत्येक खोलीत असतात. दादासाहेबांनी दोरी धरून नेमकी तीच जागा काढली होती आणि आयुष्यभर तिथं बसून लोकांचा न्याय केला होता. त्या पौर्णिमेला आबांचा डग्गा नेमका त्या सुरात लागलेला होता.

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि रागाबरोबर आनंदही. सूड कसा, ते सुचलं होतं.

खुर्ची दोन हात मागं सरकवली असती तर काम संपलं असतं. दादासाहेब बाहेर आले तेव्हा मी वायरी गुंडाळत होते.

"झालं?"

"बरंचसं झालं. पण शेवटची जुळवणी यंत्रानं होत नाही, कानानं करावी लागते. तुमची मंडळी जमतात का अजून?"

"रविवारी सकाळी सगळे असतात."

"मग रविवारी येते. जितके कान असतील तितकं बरं."

"कान एक असला तरी पुरतो, मॅडम," दादासाहेब म्हणाले. "पण या."

रविवारी मी गेले तेव्हा मंडळी चहा घेऊन तयार होती. निम्मी तर त्या पौर्णिमेचीच होती, नुसती म्हातारी झालेली. डॉक्टर पाटणे त्याच भिंतीशी, त्याच लोडाला. अक्का दाराशी चटईवर. डबा समोर डाव्या स्पीकरशेजारी, मी ठेवला होता तिथं.

"एक विनंती आहे," मी म्हटलं. "सगळ्यांनी डोळे मिटायचे. मी जुनी एक बैठक लावते. त्यात डग्गा नीट ऐकू आला की हात वर करायचा आणि मी सांगेपर्यंत खाली घ्यायचा नाही. बोलायचं काही नाही. दादासाहेब, तुम्हीसुद्धा."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी सीडी लावली. डॉक्टरांचं बोट लोडावर ठेका धरायला लागलं आणि मग त्यांचा हात सर्वांत आधी वर गेला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. दाराशी अक्कांचाही गेला. दादासाहेब खुर्चीत मान तिरकी करून बसले होते, कपाळाला आठ्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर.

"आता हात तसेच ठेवा आणि डोळे उघडा," मी म्हटलं.

ते बघायला आबा हवे होते. सगळ्या भिंतींकडेनं हात वर, आणि मधे एकट्याचे खाली. मंडळींनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग सवयीनं मधल्या खुर्चीकडे. डॉक्टरांचा हात हळूहळू खाली यायला लागला.

"वरच राहू द्या, डॉक्टर. ऐकू आला ना?"

"म्हणजे... येतोय तर खरा," डॉक्टर म्हणाले.

"काय येतोय?" दादासाहेब कडाडले. "कायसुद्धा नाही. मुका आहे. पाटणे, वय झालं तुझं."

"दादा, अहो मलाही येतोय," दुसरे एक गृहस्थ चाचरत म्हणाले. "चांगला घुमतोय."

"मलाही," तिसरे म्हणाले.

त्या घरात दादासाहेबांच्या आधी कुणी तोंड उघडल्याची ती पहिलीच वेळ असेल. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. कान म्हातारा झाला, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच आलं होतं आणि दादासाहेबांना ते दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत विनंती होती.

"काय करायचं याला?"

तेव्हा मी म्हटलं, रांगावं लागेल. रीत समजावून सांगितली, आणि पुढं म्हटलं, "तुमच्याऐवजी डॉक्टर रांगले तरी चालेल. पण मग जागा डॉक्टरांच्या कानाची होईल."

हे लागू पडलं. दादासाहेब उठले. मी डबा उचलून खुर्चीत ठेवला. त्या खुर्चीत दुसरं काही ठेवलेलं मंडळींनी कधी पाहिलं नव्हतं. दादासाहेबांनी धोतराचा सोगा खोचला, एक हात जमिनीला टेकला, मग दुसरा, मग गुडघे. मी सीडी पहिल्यापासून लावली.

"भिंतीकडेनं चला. मान खाली. आणखी खाली."

ते चालले. मंडळींनी पाय आखडून घेतले. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी कपातला संपलेला चहा पीत होतं. डॉक्टर पाटण्यांसमोरून ते गेले तेव्हा डॉक्टरांनी अंग इतकं चोरलं की लोड पडला.

"इथं येतोय का?"

"नाही."

"मग पुढं. कोपऱ्यात बघा."

"नाही येत."

"घाई करू नका. कान टेकवा फरशीला."

त्यांनी टेकवला. पांढरे केस फरशीवर पसरले. मला दया आली का? नाही आली. मला आबांचा नमस्कार आठवत होता, डग्ग्याचं गाठोडं एका काखेत धरून केलेला. मी म्हटलं, "चला पुढं."

पहिली भिंत झाली, दुसरी झाली. खिडकीखाली ते दम खायला थांबले. तिसरी भिंत झाली. चौथ्या भिंतीला स्वयंपाकघराचं दार होतं. तिथवर रांगत आल्यावर ते थांबले आणि अक्कांच्या चटईशेजारी भिंतीला पाठ लावून बसले. गुडघ्यांवर धूळ होती. श्वास लागला होता.

"कुठंच नाही," ते म्हणाले. "कुठंच येत नाही."

येणारच नव्हता. तो डबा त्या खुर्चीत असेपर्यंत त्या खोलीत कुणालाच, कुठंही तो सूर भरून ऐकू आला नसता. मेलेल्या जागी बसून जसं ऐकू येत नाही, तसंच तिथून वाजवलं तरी पोचत नाही. जागा शोधायची रीत खरी, पण ती खुर्ची हलवायची तयारी असेल तर. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती सबंध फेरी निव्वळ माझ्यासाठी होती.

मी गाणं थांबवलं. डबा खुर्चीतून उचलला, होता तिथं नेऊन ठेवला, वायर लावली. मग तीच सीडी पुन्हा सुरू केली.

दादासाहेब तसेच बसून होते, डोळे मिटून. बुवांनी सूर लावला. आणि डग्गा आला. मी त्यांच्याकडेच बघत होते. आधी त्यांची मान वर झाली, मग हात फरशीवर सपाट टेकला गेला, खाली काही थरथरतंय का ते बघितल्यासारखा. पुढच्या समेला ती मान हलली. त्या घरात गाव जिच्याकडे डोळे लावून बसायचं, ती मान.

"काय वाजवतोय," ते पुटपुटले. "कोण आहे हा?"

मी बोलणार, तोच अक्का बोलल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"शंभू गुरव. तुमी उठवलंसा त्याच दिवसाची टेप हाय ती. त्या दिवशीबी मी इथंच बसले हुते आणि असाच वाजत हुता. रात्री सांगितलं तुमास्नी. तुला काय कळतंय गाण्यातलं, म्हनलासा."

दादासाहेबांनी डोळे उघडले. आधी अक्कांकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे. ते मूर्ख नव्हते. त्यांना कळलं.

"मी शंभूरावांची मुलगी," मी म्हटलं. "मंडळी बसलीत. त्या दिवशीही बरीचशी हीच होती. त्यांच्यासमोर बोलला होतात, आता त्यांच्यासमोरच बोला."

"पोरी, मला तिथून..."

"ते मला माहीत आहे. डग्गा मुका आहे का?"

बुवांनी तान घेतली आणि आबा समेवर आले. खोली भरून गेली.

"नाही," दादासाहेब म्हणाले.

"कुणाचा?"

"शंभूचा डग्गा मुका नव्हता."

"वाहवा," डॉक्टर पाटणे म्हणाले. मग सगळेच म्हणायला लागले, वाहवा, क्या बात है, काय हात आहे. इतक्या वर्षांनी, बोटानं ठेका धरून धरून. मी डॉक्टरांकडे असं पाहिलं की त्यांनी पडलेला लोड उचलून मांडीवर घेतला.

दादासाहेब अजून जमिनीवरच होते. "त्याला घेऊन ये," ते म्हणाले. "पुढच्या पौर्णिमेला. गावासमोर मान देतो. माझ्या खुर्चीत बसवतो त्याला."

"नको," मी म्हटलं. "तिथं काही ऐकू येत नाही."

मी माझी हत्यारं पिशवीत भरली. ती सीडी अक्कांनी परस्पर पिशवीत टाकली. खुर्चीला मी हात लावला नाही. ती हलवायची की तिथंच ठेवायची, ते ज्याचं त्यानं बघावं.

घरी पोचले तेव्हा आबा गॅलरीत चहाची वाट बघत बसले होते. मी सरळ सीडी लावली. आमच्या घरात सबवूफर कुठं ठेवायचा आणि माणसांनी कुठं बसायचं, ते मी कधीच ठरवून टाकलेलं आहे. आबांनी दोन आवर्तनं ऐकली. त्यांचा उजवा हात नेहमीसारखा डाव्या मनगटावर होता.

"हा मीच की," ते म्हणाले.

"तुम्हीच. त्याच दिवशीचं."

मग मी सगळं सांगितलं. भिंती, मध्य, दोरी, खुर्ची. बुवांचा ख्याल संपला तेव्हा त्यांनी डावा हात समोर धरून उलटा केला, सुलटा केला, आणि मांडीवर ठेवून दिला.

"खुर्ची होय," ते म्हणाले. "हात नव्हता."

"हात नव्हता, आबा."

त्यांनी माळ्यावरचा डग्गा काढायला लावला. पुडी उंदरांनी कुरतडली होती. भांड्यावर टिचकी मारून त्यांनी कान लावला आणि म्हणाले, मिरजेला जाऊन नवी घालून आणू. मी चहा आणला. कप तोंडाशी नेता नेता ते थांबले.

"आणि काय म्हणालीस, दादासाहेब रांगले?"

"रांगले."

"गुडघ्यांवर?"

"गुडघ्यांवर आणि हातांवर. कान फरशीला लावून."

"पाटणे होता?"

"होते. त्यांच्यासमोरून."

"कितीदा?"

"एक फेरी. सगळ्या भिंती धरून, पुरी."

आबांनी चहावर फुंकर मारली. माझ्या उभ्या आयुष्यात ज्या माणसाच्या तोंडून दादासाहेबांबद्दल वाकडा शब्द आला नव्हता, तो माणूस सावकाश एक घोट प्यायला आणि कप बशीत ठेवला.

"आणखी एक फेरी मारायला लावायची होतीस की," आबा म्हणाले.